सतराव्या घरची पाळी

घरातून निघालो तेव्हा माझ्यापुढे दोन रस्ते होते आणि दोन्हींची मुदत एकाच सोमवारी संपत होती. भाऊजींनी जामनेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर माझी नोकरी ठरवली होती. सोमवारी हजर झालो नाही तर ती त्यांच्या चुलतभावाला जाणार होती. दुसरीकडे सरकारची एक योजना होती. तरुणांनी वर्षभर खेड्यात राहून पूर्णवेळ स्वयंसेवक म्हणून काम करायचं, देशसेवा करायची, आणि वर थोडं मानधन घ्यायचं. दहावी पास चालत होतं. तेवढा मी होतो. पुढे कॉलेजात नाव होतं, पण मी तिथे फारसा नसायचो.

अर्ज का केला, असं विचाराल तर जाहिरातीवर डोंगराचं चित्र होतं. एवढंच. साल अठ्ठ्याऐंशी की एकोणनव्वद, दिवाळी नुकतीच झालेली.

शुक्रवारी पाचोऱ्याहून पॅसेंजरने जळगाव, तिथून धुळ्याची एसटी. दुपारी बाराला धुळ्याच्या कार्यालयात मुलाखत होती. एसटी पारोळ्याला थांबली, तेव्हा गावाच्या मधोमध किल्ला दिसला. म्हटलं, पाच मिनिटं बघून येतो. बघून आलो तेव्हा एसटी नव्हती. (पारोळ्याला जाणार असाल तर किल्ला जरूर बघा. बॅग सोबत घेऊन बघा.) माझी बॅग सुदैवाने खांद्यावर होती.

चार वाजता साहेबांसमोर उभा राहिलो.

"उशीर का झाला?"

"पारोळ्याचा किल्ला बघत होतो, साहेब."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

त्यांनी अर्जाच्या समासात काहीतरी लिहिलं. पुढे कळलं, 'फिरण्याची आवड' असं लिहून त्यांनी तो गुण धरला होता. म्हणाले, "गाव बघून या. मागचा मुलगा न बघता गेला आणि सोळा दिवसांत पळाला. सोमवारी दुपारपर्यंत सही करा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो."

माझी जागा दुसऱ्याला द्यायची एवढी घाई माझ्या आयुष्यात कोणाला कधी नव्हती.

शनिवारी सकाळी आग्रा रोडने शिरपूर. वाटेत तापीवरचा पूल लागतो. खिडकी उजवीकडची धरा. शिरपूर स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. इतकी तिखट होती, की शेजारच्या माणसाने न मागता त्याचं पाणी पुढे केलं. तेव्हाचे दर सांगत नाही, आता ऐकून फक्त वाईट वाटेल. शिरपूरहून सातपुड्याच्या पायथ्याकडे दिवसाला एकच गाडी जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायची. फाट्यावर उतरून पुढे तासभर पायी. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना विचारलेलं नाही.

मला तासाच्या जागी अडीच तास लागले, कारण ओढ्यात एक म्हातारा खेकडे धरत होता. मी दगड उचलायचो, तो खेकडा उचलायचा. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "नवा गडी ऊना का?"

"नाही आबा, नुसता बघायला आलोय."

"आठे बघाले कोनी येत नही. बठ्ठा ऱ्हावाले येतस, मंग पळतस."

आबा गावचे कारभारी निघाले. आपसात ते लोक पावरी बोलायचे, माझ्यासारख्याशी अहिराणी. गावात एक्केचाळीस घरं. स्वयंसेवकाने रोज संध्याकाळी एका घरी जेवायचं, ओळीने, अशी गावाची रीत. मागचा मुलगा सोळा घरं जेवून गेला होता. म्हणून मला थेट सतराव्या घरी नेलं.

"पहिल्यापासून नाही का?" मी विचारलं.

"पह्यलानी जेवाडं ना. त्यास्नं काम झायं."

सतरावं घर अक्काचं. पन्नाशीची, बारीक, डोळे तिखट. मागच्याच्या पाळीला तिने सकाळीच कोंबडा कापला होता आणि दुपारी तो बॅग घेऊन गेला. तेव्हापासून गावात एकच चेष्टा. अक्काच्या हातचं जेवावं लागेल, म्हणून साहेब पळाला. वर्षभर ती हे ऐकत होती. लग्नातल्या स्वयंपाकाला तिला कोणी बोलवेना. हे मला ओढ्यावरून येताना आबांनी हसत सांगितलं. अक्का हसत नव्हती.

दिवस मावळायच्या आत पान वाढलं. मक्याची भाकर, कोंबडीचं लाल कालवण. अंगणात दहाबारा माणसं काही काम नसताना बसलेली.

"कसं शे?"

"चांगलं आहे."

"जरा मोठ्यानं बोल, भाऊ. भाईर लोकं बसेल शेतस."

मी मोठ्याने सांगितलं. खरंच चांगलं होतं. बाहेरून अठराव्या घरचा माणूस म्हणाला, "एक डाव कोनी बी जेवस. सकाय दिखना, तर खरं!"

मी रविवारच्या सकाळच्या गाडीने परतणार होतो. जामनेरला आरामात पोचलो असतो. पण सकाळी अक्का दारात उभी होती. माझ्या बॅगेकडे बघत होती. मी बॅग परत आत ठेवली आणि आबांबरोबर खेकड्यांना गेलो.

रविवारी अठराव्या घरी जेवलो. उडदाची डाळ. अक्का मुद्दाम येऊन त्यांच्या अंगणात बसली आणि घरधनिणीला म्हणाली, "आते पळना तर तुन्ही डाळले पळना, मन्ही नही!"

घरधनीण, जिला मी वहिनी म्हणू लागलो होतो, तिचा चेहरा उतरला. तेव्हा मला प्रकार नीट कळला. ज्या घरी जेवून मी निघेन, त्या घराच्या चुलीला बोल लागणार. या गावातून जायला चांगला दिवसच नव्हता.

सोमवारी पहाटे निघालो. धुळ्याला सही करायला जातोय की कायमचा, हे मलाच माहीत नव्हतं. वहिनीने भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "जाय. पन बॅग ठेवी जाय."

ठेवली.

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली होती. कंडक्टर दार धरून ओरडत होता. तिच्यात बसलो असतो तर दिवस बुडायच्या आत जामनेरला जिनिंगच्या दारात असतो. उशिराची समजूत भाऊजींनी घातली असती. खुर्ची, पंखा, महिन्याचा पगार. बॅगेत दोन शर्ट आणि एक लेंगा, त्यावर कोणीही पाणी सोडलं असतं. मी एक चहा घेतला, मग दुसरा. गाडी गेली. मी ठरवलं असं म्हणता येणार नाही, पण मी तिच्यात नव्हतो.

साहेबांनी विचारलं, "देशसेवा का करावीशी वाटते?"

"साहेब, आज एकोणिसाव्या घरची पाळी आहे. शिरपूरची गाडी चुकायला नको."

त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला.

पुढच्या वर्षात मी फार काही केलं नाही. प्रौढांच्या वर्गात नऊ जण आले, चौघे सही करायला शिकले. हातपंपाचे अर्ज मी लिहिले, पंप माझ्यानंतरच्याच्या वेळी आला. एक्केचाळीस घरं आठ वेळा फिरून झाली. अक्काला एका लग्नात कालवणावर बोलावलं. ते मात्र मी माझ्या कामात धरतो.

निघायच्या दिवशी शेवटचं जेवण कोणाकडे, हा पेच पडला. कोणीच तयार होईना. शेवटी आबांनी झाडाखाली एकच चूल मांडली, घरोघरचं पीठ एकत्र केलं आणि सगळ्या बायांनी मिळून रांधलं. मी पळालोच तर गाव सामाईक बदनाम.

पाचोऱ्याला घरी आलो तेव्हा भाऊजी बसलेले. चुलतभाऊ काट्यावर कायम झाला होता, त्याचं लग्नही ठरलं होतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. पुढची तीन वर्षं मी काम शोधत हिंडलो. जायचा विचार करत असाल तर हेही धरून चला.

"मग, काय मिळवलंस तिथे?" भाऊजींनी विचारलं.

"कुणाच्या चुलीला बोल न लावता गाव सोडलं."

"आणि त्याला वर्ष लागलं?"

"हो," म्हटलं.