पाठीवरचं नाव

करोनात श्रीगोंद्याच्या कोविड सेंटरवर आम्हा नर्सांच्या ड्युट्या लावणारे क्लार्क काहीही मागितलं तरी ऐकायच्या आधीच "न्हाई" म्हणायचे. चहा घेता का विचारलं तरी आधी न्हाई, मग कप धरायचे. पीपीई किटात आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो, म्हणून पाठीवर मार्करनं नावंही तेच लिहायचे.

एकदा मी म्हटलं, "सकाळपासून पोटात काही नाही. दुपारी जेवायला सोडा."

"न्हाई. वळा तिकडं," म्हणाले आणि नाव लिहू लागले. बराच वेळ लिहीत होते.

वॉर्डात गेले तर जो तो पेशंट विचारतोय, "सिस्टर, किती वाजले?" मी वैतागले. दोनला तर सगळ्यांनी ओरडून मला बाहेरच काढलं.

किट उतरवलं तेव्हा पाठ वाचली. नावाखाली लिहिलं होतं, "उपाशी हाय. दोनला हाकला."