आईनं धुतलेलं कापड

आमच्या आईनं ते कापड साबण लावून धुऊन टाकलं होतं.
आज तेच तिच्या हातात देऊन तिला निरोप दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.
आमच्यात मुलगा फादर होतो, त्या दिवशी बिशप त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. ते तेल पुसलेलं पांढरं कापड त्याच्या आईला देतात. तिनं ते जन्मभर जपायचं. ती गेली की तिच्या हातात ठेवायचं.
वर गेल्यावर देवाला दाखवायला, की माझा मुलगा तुझ्या कामाला दिलाय.

दादाच्या दीक्षेला आमची अख्खी गल्ली टेम्पो करून बेळगावला आली होती. आईला पहिल्या रांगेत बसवून कापड दिलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सांबरा गावातल्या आमच्या घरामागं ते दोरीवर वाळतंय. नीळसुद्धा घातलेली.

“आई, हे धुवायचं नसतंय गं.”
“तेलाचं फडकं तसंच ठिवतंय व्हय कोण? झुरळं लागतील.”

बोर्डिंगातल्या पोरांच्या चादरी धुऊन तिनं आम्हा दोघांना शिकवलं. डाग दिसला की तिला राहवायचंच नाही.

दादा एकदम सिरियस झाला. सुट्टीला आला की म्हणायचा, “आई, परत तेल लावून देतो.” ती कापड ट्रंकेतून बाहेरच काढायची नाही.

गेल्या महिन्यात अंथरूण धरल्यावर मला जवळ बसवून म्हणाली, “मी गेल्यावर त्यो तेल लावाय बघंल. लावू देऊ नको. देवाम्होरं डाग घिऊन जाणार न्हाय मी. इचारलं तर सांगीन, माझ्या हातानं धुतलंय.”

आज शवपेटीजवळ दादानं खिशातून तेलाची बाटली काढलीच.
मी त्याचा हात धरला. सगळे फादर, सिस्टर, पाहुणे बघत होते. बघू देत.

“दादा, नको. ती न्हाय म्हणून गेलीया.”
“अगं, तेलाबिगर नुसतं कापड हाय ते.”
“आईनं धुतलेलं हाय.”

त्यानं कापड हातात घेतलं. मग बाटली खिशात ठेवली.
आई चादरींची घालायची तशी, कडेला कड लावून त्यानं घडी घातली आणि तिच्या हातात दिली.
मग आम्ही दोघंही खूप रडलो.

जा आई, बिनघोर जा.
कापड स्वच्छ आहे.