बुडबुडा न खपणारी बाई

निर्मळ गावात आमच्या आळीतल्या सार्वजनिक बोअरचं पाणी तपासायला एक बाई यायची. नाव आम्ही कधी विचारलं नाही. स्कूटर लावायची, नळ बराच वेळ वाहू द्यायची आणि काचेची बाटली काठोकाठ भरायची. मग झाकण घट्ट लावून बाटली उलटी करायची आणि एक डोळा मिटून आत हवेचा बुडबुडा शोधायची. दिसला की पाणी ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"बाई, तुमच्या बाटलीपायी आमची बोअर आटणार," माझे सासरे ओटीवरून ओरडायचे.

"आटू दे, काका. त्या हवेत केमिकल उडून जातं, आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो."

"अहो, गोड पाणी आहे आमचं!"

"चवीवरून कळलं असतं, तर मला पगार कोणी दिला असता?"

मागच्या उन्हाळ्यात ती बाटलीशिवायच आली. पाण्यात कारखान्याचं केमिकल सापडलं होतं. "आजपासून हे पाणी प्यायला नको, स्वयंपाकालाही नको," ती म्हणाली. आळी तिच्यावरच भडकली, जणू तिनंच आणून ओतलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ओरडा हवं तेवढं. पण टँकर येईपर्यंत मी इथून हलणार नाही. माहीत नसलेलं कोणीतरी येऊन कळशी लावेल."

आणि ती खरंच नळापाशी उन्हात बसली.

सासरे बराच वेळ कुरकुरले. मग छत्री आणि दोन खुर्च्या घेऊन गेले. एकीवर तिला बसवलं, दुसरीवर स्वतः बसले, आणि कळशी घेऊन आलेल्या पहिल्याच शेजाऱ्यावर तिच्याआधी खेकसले.