जावईबापूंची बाटली

काल सकाळी तीनदा बांधापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. पलीकडचा शेजारी टोमॅटोची नवी लागण करत होता. करपा रोगावर तो गेल्या हंगामातलंच औषध मागवणार होता. ते विकतात माझे जावई.

मंचरच्या कॉलेजात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. रेणू न दिसता मोजायचे कसे, हे सांगताना कांद्याचं उदाहरण द्यायचो. गोणीतले कांदे कोणी मोजत बसत नाही. एका कांद्याचं वजन ठाऊक असलं की गोणी तोलून आकडा निघतो. तसंच, अठरा ग्रॅम पाण्यात रेणू किती? सहावर तेवीस शून्यं. हा आकडा मी पोरांकडून घोकून घ्यायचो.

गेल्या हंगामात जावई पिंपळवंडीला आमच्याकडे आले, तेव्हा ओट्यावर या शेजाऱ्यासह गावातले चौघे बसले होते. जावई बाटली दाखवत म्हणाले, "अर्काचा एक थेंब शंभर थेंब पाण्यात. त्यातला एक पुन्हा शंभरात. असं तीस वेळा. जितकं पातळ, तितकं जालीम."

"पावणं, मंग येक थेंब आमच्या हिरीत टाका, समदा गाव फवारंल!" शेजारी हसला. मग माझ्याकडे वळला. "सर, तुमी सांगा. हाये का यात काय?"

माझं गणित तोवर झालं होतं. दर खेपेला दोन शून्यं जातात. अर्कात सहावर तेवीस शून्यं एवढे रेणू धरले, तरी बाराव्या खेपेला एखादा उरला तर उरला. पुढच्या अठरा खेपा नुसतं पाण्यात पाणी. पण चहा घेऊन आलेल्या बायकोची नजर मला कळली. जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं.

"बघा वापरून," मी म्हणालो.

शेजाऱ्याने तेच घेतलं, दुसरं काही फवारलं नाही. करप्याने प्लॉट गेला. वर तोच म्हणाला, "आमचंच फवारायचं चुकलं आसंल. सर खोटं कशाला सांगत्याल?" तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

चौथ्यांदा मात्र बांध ओलांडला आणि सगळं सांगितलं.

"त्या दिशीबी ठावं व्हतं?"

"होतं."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "पावणं तुमचं. तुमीच सांगा."

"बोला भाऊ, किती बाटल्या?" जावयांचा आवाज आला.

"मी बोलतोय," मी म्हणालो. "एकही नको, जावईबापू. त्यात काही नाही."

ओट्यावरच्या बाकी तिघांना अजून सांगायचंय. म्हणून हे लिहिलं.