बठ्ठं बराबर शे

धुळ्याच्या बसस्टँडवर पुण्याची गाडी लागायला वीस मिनिटं होती. आबांनी माझी बॅग एका हाताने उचलली, क्षणभर अधांतरी धरली आणि म्हणाले, "साडेबारा किलो. पुस्तकंच भरेल शेतस का?" माझा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी ती पार्सलच्या काट्यावर नेऊन ठेवली. काटा साडेबाराच्या केसभर पुढे थांबला. पार्सलवाला म्हणाला, "मापाडी, तुम्हीच बसा इथं. काटा भंगारात देतो."

आबा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकऱ्याची गोणी वजन करायची आणि आकडा मोठ्याने पुकारायचा, हे त्यांचं काम. घरी त्यांचं एक वाक्य कायम असे: "काटा देखाशिवाय आकडा बोलानं नही." जळगावला मेहरूणमध्ये खोली घेऊन मी बी.कॉम. आणि सीएच्या सुरुवातीच्या परीक्षा केल्या. आता आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या दोन वर्षांच्या उमेदवारीसाठी निघाले होते. माय रडली. आबा म्हणाले, "परीक्षा व्हस तोवर गावना इचार करू नको."

पुण्यात माझ्या सीए सरांचा पहिला धडा जवळजवळ आबांचाच होता. मालक सांगतो तो पुरावा नव्हे; गोणीवर हात ठेवल्याशिवाय टिक करायची नाही. दुसऱ्या वर्षी एका डाळीच्या गोदामात मी स्टॉक मोजायला गेले. थप्प्या छतापर्यंत होत्या आणि आकडा कागदाशी जुळत होता. तरी मी शिडी मागितली. वर चढून पाहिलं तर थप्पीच्या मधोमध खड्डा होता: चारही बाजूंनी गोण्या, आत काही नाही. सरांनी सगळ्या ऑफिससमोर कौतुक केलं. जेवणाच्या सुट्टीत मी आबांना फोन करून हे सांगितलं. ते खूश झाले. मी विचारलं, "तुम्ही कसे आहात?" ते म्हणाले, "बठ्ठं बराबर शे. आत्तेच काटावरथीन उनू."

त्या दिवशी ते काट्यावरून आलेले नव्हते. काट्यावर जाणं बंद होऊन तेव्हा चार महिने झाले होते.

खुणा नव्हत्या असं नाही. त्याआधीच्या दिवाळीत मी दोन दिवस घरी होते, तेव्हा आबा दाराच्या चौकटीला धडकले आणि म्हणाले, "दार अरुंद व्हई गये." आम्ही हसलो. सकाळी त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला आणि वाचून दाखवायला सांगितलं. मला वाटलं, लेकीचा आवाज ऐकायचा असेल. पुढच्या दिवाळीला ऑडिट संपलं नव्हतं आणि फायनलचा अभ्यास डोक्यावर होता. मी गेले नाही. आठवड्याला फोन होत होता. दर आठवड्याला मला तेच वाक्य मिळत होतं, सगळं बरोबर आहे, आणि मी ते मान्य करत होते.

निकाल लागला तेव्हा पास झाल्याचं फोनवर सांगितलं आणि सुट्टी घेऊन निघाले. स्टँडवर आबा मायचा दंड धरून उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले. ते माझ्या मागच्या बसकडे बघत होते. मी "आबा" म्हटल्यावर त्यांचा चेहरा वळला.

काचबिंदू होता. बाजूचं दिसणं आधी गेलं, मग मधलं. जळगावच्या डॉक्टरांकडे मी त्यांना त्याच आठवड्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उजेड-अंधार कळतो तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येत नाही, वर्षभर आधी यायला हवं होतं. परतीच्या गाडीत मी मायला विचारलं, का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तू बठ्ठं सोडीसन उनी असती." आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. नशिराबाद गेलं का, असं त्यांनी विचारलं. आम्ही उलट्या दिशेने, धुळ्याकडे चाललो होतो.

घरी मी निकालाचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला. "जाड शे. चांगला कागद शे." शेजारचे नाना आले तेव्हा आबा अभिमानाने सांगत होते, "मन्ही पोर मोठमोठ्या कंपन्या तपासस. तिले कोनी फसाडू शकत नही." मी आत चहा गाळत होते.

माझ्यासारखं गाव सोडलेल्यांना हे नवीन नसेल. घरच्या माणसाच्या शब्दाला आपण पुरावा मागत नाही. घर म्हणजे तेवढी एकच जागा, असं मी मानत होते. आता मी फायनान्समध्ये नोकरी करते. आबांशी बोलून झालं की मायला फोन लावते आणि मायशी बोलून झालं की नानांना. नानांना हे विचित्र वाटतं. आबांना ते कळलेलं असावं.

मागच्या खेपेला निघताना मी बॅग दारामागच्या ताणकाट्याला अडकवून पाहिली. अकरा किलो. स्टँडवर आबांनी हात पुढे केला. मी बॅग त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उचलली, पूर्वीपेक्षा जास्त वेळ धरली, मग दुसरा हातही लावला.

"चौदा किलो," ते म्हणाले. "काय म्हनस काटा?"

पार्सलचा काटा चार पावलांवर होता. आबा माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून थांबले होते.

मी म्हटलं, "बराबर शे, आबा."