दोन इंच पाणी

बोअरला पाणी लागलं की आमच्याकडे लिटर कोणी विचारत नाही. किती इंच, एवढंच विचारतात. पत्र्याला मधोमध खाच पाडलेली असते, खाली टोक आणि वर रुंद. पाणी त्या खाचेतून सोडायचं नि ते किती इंच चढतं ते पट्टीनं बघायचं. पण माझ्या अहेरीच्या दुकानातले पंप लिटरचे. इंचाचे लिटर करून सांगणं माझ्याकडे. एक इंच म्हणजे तासाला पाचशे, एवढं एकच वाक्य मी कधीतरी ऐकलं होतं आणि त्यावर माझा धंदा चालला होता. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला लोक जाणकार समजतात, आणि मी समजू दिलं.

एटापल्लीच्या आत एका गावात बोअर मारत होते. लोकांना नळ हवे होते, आणि पाणी तासाला दोन हजार लिटर तरी असेल तर बसवतो, असं मी कबूल केलं होतं. नाहीतर हातपंप. मशीनवाला तेलुगूत ओरडला, "रेंडु इंच." मी पट्टी लावून बघितली. दोनच. म्हणजे हजार लिटर. नळाचं जमत नाही म्हणालो. पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून गावातल्या बचतगटाच्या बाईंनी खाचेखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेववला. मी म्हणालो, बारा मिनिटं लागतील, तोवर चहा घेऊ.

चहा ओठाला लागतो न लागतो तोच ड्रम भरून वाहू लागला. मोबाईलात पाहिलं तर चार मिनिटं. बाया "येर, येर" करत भांडी घेऊन धावल्या. येर म्हणजे गोंडीत पाणी. मी ड्रम उपडा करून पुन्हा लावला. पुन्हा चार. तिसऱ्यांदा लावायचा म्हणून उपडा करताना घसरलो नि सगळा ड्रम अंगावर घेतला.

"काऊन भाऊ, तुमची घडी मांगं चालून राह्यली का?" बाईंनी विचारलं.

चिखलात बसल्या बसल्याच मला ती खाच दिसली. पाणी वर चढतं तसं रुंदही होतं, जोरही धरतं. दोन इंच म्हणजे एका इंचाची दुप्पट नाहीच, साडेपाच पटीच्या वर. तासाला जवळजवळ तीन हजार लिटर. मला हसू फुटलं ते थांबेना. माझं बघून मशीनवाला हसायला लागला, बायाही. कशाला हसतोय ते फक्त मला माहीत होतं, आणि हसता हसताच मला आठवलं. महिन्याआधी शेजारच्या गावातही दोनच इंच लागलं होतं. तिथं मी हातपंप बसवून आलो होतो.

एरवी मी गप्प राहिलो असतो. त्या दिवशी सगळं बोलून टाकलं.

"मंग नळ बसते का नाई, तेवढं सांगा."

"बसते, बाई. त्या गावातही बसते. त्याईले मी नाई म्हणून आलो."

"मंग आत्ताच जा त्याईच्याकडं."

कपडे वाळू द्या, म्हणालो.

"ओलेच जा," बाई म्हणाल्या. "म्हणजे त्याईले खरं वाटन."

मी मोटरसायकलला किक मारली. बुटातून पाणी गळत होतं.