सत्तेचाळीस ‘इफ’ आणि कन्नडची बस

आता हसणार नाय असं आधी कबूल करा, मगच सांगतो. अकलेचे तारे कसे तोडतात, ते माझ्याकडून शिका!

नामांतराच्या मोर्चांचे दिवस. चिकलठाण्याला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मी कॉम्प्युटरवर लागलो, सहा महिन्यांच्या बोलीवर. कायम झालो तरच लग्न ठरणार होतं. मुलीकडचे कन्नडचे, त्यांची तशी अटच!

कामगारांच्या बसचा तक्ता छापणारा प्रोग्रॅम काळेबाईंनी लिहिलेला. बाई जुन्या. प्रोग्रॅम कधी चुकला नव्हता. मला तेच खटकलं!

पुण्याहून ताजी विद्या घेऊन आलो होतो ना! ‘इफ’ मोजायचे, म्हणजे ‘असं असेल तर तसं कर’ असल्या अटी. दहाच्या वर गेले की प्रोग्रॅम नव्यानं लिहायचा. लाल पेन्सिल घेतली. मोर्चा असेल तर क्रांती चौक टाळा. बंद असेल तर हर्सूलकडून या. निघाले सत्तेचाळीस!

“बाई, हा प्रोग्रॅम आहे का भुलभुलैया?”

“चालतोय ना? मग हात लावू नको.”

“पण आकडा बघा!”

“आकडा तू बघ. मी बस बघते.”

मी ऐकतो का! मोर्चे अन् बंदचे ‘इफ’ तसेच ठेवले, तेवढी अक्कल होती. पण ‘बाजार असेल तर कन्नडची बस तासभर आधी सोडा’? बसला काय भाजी घ्यायचीय? कापलं! उरले नऊ. साहेब खूश. माझं कायमचं पत्र टायपिंगला गेलं.

पुढच्याच बाजाराला पहिल्या पाळीत भट्टीपुढं माणूस नाय. सगळे भट्टीवाले कन्नडच्या बसमध्ये, अन् बस बाजाराला निघालेल्या मेंढरांत! दहाला पोचले.

“कुण्या शहाण्यानं टाइम बदलला?” ड्रायव्हर उतरताच ओरडला. “हॉर्न दिला तर मेंढरंवाला म्हणतो, मला कशाला वाजवता, त्यांना वाजवा!”

साहेबांनी पत्र माझ्यासमोर टराटरा फाडलं. “कापलेल्या अडतीस ठिकाणी स्वतः जाऊन बघ, ते ‘इफ’ का होते. मग कायमचं बोलू. कन्नडपासून सुरू कर.”

गेलो. बाजाराच्या दिवशी बस पुन्हा मेंढरांत अडकली म्हणून काठी घेऊन खाली उतरलो. हाकतोय, पण एक मेंढरू ऐकंल तर शपथ! समोर कोण उभं? मुलीचे वडील. मेंढरं त्यांचीच!

“तुम्ही कॉम्प्युटरवर हायेत ना?”

“व्हय मामा. हे कॉम्प्युटरचंच काम आहे.”

त्यांनी काठी हातातून काढून घेतली. “मेंढरं वळणाराच जावई करायचा, तर ज्याला वळता येतात असा तरी करीन की!”